जुना सायंटिफिक कोड ओपन सोर्स करायचाय: लायसन्स, जुने सहकारी आणि आत शिरलेला उसना कोड

भूजलवाला

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहून टाकतो, जरा लांबेल, सांभाळून घ्या. आमच्या ग्रुपमध्ये भूजलाचा प्रवाह आणि त्यातून होणारं क्षारांचं वहन सोडवणारा एक प्रोग्राम आहे. फायनाइट एलिमेंटवर चालतो, म्हणजे जमिनीचे छोटे तुकडे पाडून समीकरणं सोडवतो. १९९० च्या दशकात फोर्ट्रान ७७ मध्ये सुरू झाला, मग त्यावर फोर्ट्रान ९० चा थर चढला, मग कोणीतरी सी मधलं मेशिंग, म्हणजे त्या तुकड्यांचं जाळं (मेश) बनवणारा भाग, जोडलं आणि अलीकडे वर पायथनचं आवरण आलं. साधारण ८० हजार ओळी. माझ्याकडे तो तिसऱ्या पिढीत आला, म्हणजे ज्यांनी सुरू केला ते रिटायर झाले, त्यांच्यानंतर ज्या सांभाळायच्या त्या दुसरीकडे गेल्या, आणि आता कंपाईल होत नाही म्हणून मेल आला की तो माझ्याकडे येतो.

आत्तापर्यंत हा कोड हवा असेल तर एक फॉर्म भरून, सही करून पाठवावा लागायचा. त्यात तीन गोष्टी होत्या, फक्त संशोधनासाठी वापरेन, पुढे कोणाला देणार नाही, आणि बदल केले तर तुम्हाला कळवेन. फॉर्म आला की आम्ही झिप पाठवायचो. इतकी वर्षं कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही.

गेल्या वर्षी एका संशोधक मुलीचा मेल आला. तिने आमच्या कोडमध्ये सच्छिद्र खडकातल्या भेगांसाठी एक चांगला भाग वाढवला होता, पेपर पाठवला, आणि रिव्ह्यूअरने सांगितलं की सगळा कोड जोडा, नाहीतर निकाल तपासता येत नाहीत. आमच्या फॉर्मप्रमाणे तिला तो जोडता येत नव्हता. तिने परवानगी मागितली, मी वर विचारलं, वरून उत्तर यायला चार महिने लागले. तोवर तिने आमचा कोड काढून टाकून सगळं काम दुसऱ्या ओपन सोर्स पॅकेजवर परत केलं होतं. रागावली नव्हती, उलट आभार मानले होते तिने. पण ते वाचून मला फार वाईट वाटलं, कारण तिचा तो भाग आता आमच्या कोडमध्ये कधीच येणार नाही आणि दोष सगळा आमच्या एका पानाच्या फॉर्मचा.

तर आता ठरवलंय की हे ओपन सोर्स लायसन्सवर न्यायचं. कुठून सुरुवात करू हे कळत नाहीये. लायसन्स कुठलं घ्यायचं हा प्रश्न पहिला की शेवटचा? मालकी नक्की कोणाची? आणि आतमध्ये इतक्या वर्षांत काय काय येऊन बसलंय ते कसं शोधायचं? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

चलराशी

चांगला विषय काढलात. लायसन्स कुठलं हा प्रश्न शेवटचा. पहिला प्रश्न, यात एक ओळ तरी कोणाकोणाची आहे?

लोकांची समजूत असते की आत्ता जो सांभाळतो त्याला लायसन्स बदलता येतं. तसं नाही. ज्याने लिहिलं त्याचा, किंवा नोकरीत असताना लिहिलं असेल तर बहुतेक वेळा त्याच्या संस्थेचा, कॉपीराईट असतो, आणि त्यातल्या प्रत्येकाची परवानगी लागते. विद्यार्थ्यांचं जास्तच अवघड. पगारावर नसलेल्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी लिहिलेला कोड संस्थेचा की त्याचा स्वतःचा, हे प्रत्येक ठिकाणच्या नियमांवर आहे, गृहीत धरू नका, विचारा. बाहेरून कोणी ईमेलने पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवला असेल तर तो त्याचा आहे, तुम्ही तो कोडमध्ये घेतलात म्हणून तुमचा होत नाही.

माझा सल्ला, एक साधी स्प्रेडशीट करा. एका बाजूला फाईलची नावं, मग कोणी लिहिली, कधी, तेव्हा ती व्यक्ती कुठे होती, आता कुठे आहे, हो म्हणाली का. आम्ही हे एका छोट्या कोडसाठी केलं तेव्हा फक्त शोधाशोधीत सहा महिने गेले आणि प्रत्यक्ष लायसन्स टाकायला एक दुपार.

आणि सगळे हो म्हणाले नाहीत तरी काम अडत नाही. मोलकास हे क्वांटम केमिस्ट्रीचं जुनं पॅकेज बघा. २०१७ मध्ये त्याचा मोठा भाग ओपनमोलकास या नावाने एलजीपीएल या ओपन सोर्स लायसन्सखाली खुला केला. काही लेखकांनी नको म्हटलं, काहींचा पत्ताच लागला नाही, तर त्यांचे भाग बाजूला ठेवले आणि बाकीचं बाहेर काढलं, आणि हे त्यांनी स्वतःच्या रीडमीमध्ये, म्हणजे कोडबरोबरच्या माहितीच्या फाईलमध्ये, सरळ लिहून ठेवलंय. मला तो प्रामाणिकपणा फार आवडतो. अमुक मॉड्यूल इथे का नाही हे वापरणाऱ्याला पहिल्या पानावरच कळतं.

तिसरा_दशांश

मी थोडा उलट बोलतो, राग मानू नका. आहे तेच चालू ठेवलं तर काय बिघडतं? संशोधकांना फुकट मिळतोच आहे की. फॉर्ममुळे निदान कळतं तरी कोण वापरतंय, ग्रँटच्या रिपोर्टमध्ये दाखवायला तेच आकडे लागतात. उद्या सगळं उघड्यावर टाकलं की एखादी कंपनी उचलून स्वतःच्या प्रॉडक्टमध्ये घालेल, आणि तुम्ही मात्र रात्री बसून लोकांच्या मेलना उत्तरं देत बसाल. शिवाय खरं सांगायचं तर जुना रिसर्च कोड लोकांना दाखवण्यासारखा नसतो. माझा स्वतःचा नाहीये. व्हेरिएबलची नावं एका अक्षराची, गो-टू सगळीकडे. कोणीतरी त्यातली एक ओळ उचलून म्हणेल की यांचे सगळे पेपर संशयास्पद. ही भीती खोटी नाही.

शेष

तिसरा_दशांश, भीती खोटी नाही हे मान्य. पण फुकट मिळणं आणि ओपन सोर्स असणं यात मोठा फरक आहे. ओपन सोर्सच्या व्याख्येत स्पष्ट आहे की कामाच्या क्षेत्रावरून भेदभाव करता येत नाही, म्हणजे "फक्त शैक्षणिक वापरासाठी" असं लिहिलं की ते ओपन सोर्स राहत नाही, मग सोर्स दिसत असला तरी. आणि "पुढे कोणाला देऊ नये" ही अट तर विज्ञानाच्या मुळावरच येते, कारण ज्या कोडवर निकाल उभा आहे तो कोड निकालाबरोबर जाऊच शकत नाही. मूळ धाग्यातल्या मुलीचं नेमकं तेच झालं.

अतिशीत पाण्याचा वाद बऱ्याच जणांना माहीत नसेल म्हणून लिहितो. पाणी गोठणबिंदूच्या खूप खाली नेलं तर त्याच्या दोन वेगळ्या द्रव अवस्था होतात का, असा प्रश्न होता. एसटी२ नावाच्या पाण्याच्या एकाच मॉडेलवर बर्कलीचा गट २०११ मध्ये म्हणाला नाही, प्रिन्स्टनचा गट म्हणत होता होतात. मॉडेल तेच, समीकरणं तीच, उत्तरं वेगळी. पेपरवर पेपर आले, दोन्हीकडची मोठमोठी माणसं, आणि सात वर्षं हे चाललं. कारण एका बाजूचा कोड दुसऱ्या बाजूला बराच काळ बघायलाच मिळाला नाही. शेवटी मिळाला, आणि २०१८ मध्ये छापून आलं की रेणूंना सुरुवातीचे वेग नेमून देण्याच्या टप्प्यात चूक होती. लक्षात घ्या, चूक भौतिकशास्त्राच्या समजुतीत नव्हती, पेपरमध्ये जे लिहिलं होतं त्यातही नव्हती, ती फक्त कोडमध्ये होती. म्हणजे पेपर शंभर वेळा वाचूनही ती कोणाला सापडली नसती. सात वर्षं केवढी असतात! त्यात कोणाची तरी अख्खी पीएचडी होते.

उलट बाजूचं उदाहरण २०१९ चं. एनएमआरच्या (रेणूंची रचना ओळखायच्या तंत्राच्या) गणनेसाठी २०१४ मध्ये छापलेल्या पायथन स्क्रिप्ट होत्या, खुल्या, बरेच रसायनशास्त्रज्ञ वापरायचे. फोल्डरमधल्या फाईली कुठल्या क्रमाने वाचायच्या हे त्यात ऑपरेटिंग सिस्टिमवर सोडलं होतं, त्यामुळे तोच डेटा दुसऱ्या मशीनवर टाकला की उत्तर वेगळं यायचं. दीडशेहून जास्त पेपरवर परिणाम झालेला असू शकतो असं तेव्हा सांगितलं गेलं. पण स्क्रिप्ट वाचता येत होती म्हणून दुसऱ्याच गटातल्या एका विद्यार्थ्याला कारण सापडलं, दुरुस्ती झाली आणि ती सगळ्यांसमोर झाली.

गचाळ कोडबद्दल सांगायचं तर २०२० मध्ये इम्पिरियल कॉलेजचं साथीचं मॉडेल, कोव्हिडसिम, गिटहबवर आलं तेव्हा त्यावर प्रचंड टीका झाली, जुना सी कोड, डॉक्युमेंटेशन नाही वगैरे. मग केंब्रिजच्या एका संशोधकाने तो स्वतंत्रपणे चालवून बघितला आणि रिपोर्टमधले निकाल परत मिळाले असं जूनमध्ये जाहीर केलं. टीका करणाऱ्यांना आणि तपासणाऱ्यांना एकच कोड समोर होता म्हणून ते शक्य झालं.

फोर्ट्रान७७

शेष यांना अनुमोदन. मी वयाने तुमच्या पहिल्या पिढीतला, तेव्हा उसन्या कोडबद्दल मी लिहितो. भूजलवाला, तुमच्या कोडमध्ये न्यूमरिकल रेसिपीज आहेच, मी न बघता सांगतो.

आमच्या वेळी ते पुस्तक प्रत्येक टेबलवर असायचं. १९८६ ची पहिली आवृत्ती. मॅट्रिक्स सोडवायचा, स्प्लाइन बसवायची, रँडम आकडे हवेत, पुस्तक उघडायचं आणि रूटीन टाईप करायचं. कोणाच्या मनात पाप नव्हतं, आम्हाला वाटायचं पुस्तकात छापलंय म्हणजे वापरायला दिलंय. पण त्याचं लायसन्स तुम्हाला ते सोर्स स्वरूपात पुढे वाटू देत नाही. म्हणजे त्यातलं एक जरी सबरूटीन आत राहिलं तर तुमचा सोर्स बाहेर काढता येणार नाही. जीएसएल, म्हणजे ग्नू सायंटिफिक लायब्ररी, १९९६ मध्ये सुरू झाली त्यामागे हे एक मोठं कारण होतं की वैज्ञानिकांना मोकळेपणी वाटता येईल असा पर्याय हवा.

ओळखायचं कसं? नावं शोधा, एलयूडीसीएमपी, एलयूबीकेएसबी, स्प्लिंट, रॅन१, रॅन२, ओडीईआयएनटी. पण पुष्कळांनी नाव बदललेलं असतं. मला एकदा एका फाईलमध्ये "सॉल्व्हर" असं निरागस नाव असलेलं सबरूटीन दिसलं, वर आमच्याच एका सहकाऱ्याचं नाव आणि तारीख. खाली वाचत गेलो तर टायनी नावाचा कॉन्स्टंट, किंमत १.०ई-२०, आणि पिव्हट शून्य आला तर त्याच्या जागी तो टायनी ठेवायचा. तिथेच कळलं. बारीकसारीक चलांची नावंसुद्धा पुस्तकातलीच, फक्त कॉमेंट बदललेल्या. त्या सहकाऱ्याला फोन केला, तो म्हणाला हो रे, पुस्तकातूनच घेतलं होतं, नाव मी टाकलं कारण टाईप मी केलं होतं.

बदलणं अवघड नाही. मॅट्रिक्सचं सगळं लापॅक या खुल्या गणिती लायब्ररीवर न्या, डीजीईटीआरएफने फॅक्टर करा, डीजीईटीआरएसने सोडवा, ते बीएसडी धर्तीच्या, म्हणजे फारशा अटी नसलेल्या, लायसन्सवर आहे आणि वेगही वाढेल. रँडम आकड्यांचं मात्र जपून, जनरेटर बदलला की जुने निकाल अंकागणिक जुळणार नाहीत, तेव्हा आधीच ठरवून ठेवा की तुलना सरासरीवर करायची.

आणखी दोन ठिकाणं तपासा. तुमचं मेशिंग सी मध्ये आहे म्हणता, ते ट्रँगल नावाचं पॅकेज असेल तर ते संशोधनाला मोकळं आहे पण व्यावसायिक सिस्टिममध्ये घालायला लेखकाची वेगळी परवानगी लागते, म्हणजे ओपन सोर्स नव्हे. आणि मेश तुकड्यांत वाटायला मेटिस हे पॅकेज असेल तर आवृत्ती बघा. मेटिस ५.०.३ पासून अपाचे या ओपन सोर्स लायसन्सवर आलं, त्याआधीचं तसं नव्हतं. पॅरमेटिस, म्हणजे त्याचं समांतर संगणकांसाठीचं रूप, तर वेगळंच आहे, त्याला मेटिसचं लायसन्स लागू नाही. एसीएम या संगणक संघटनेच्या टॉम्स या नियतकालिकातून घेतलेले अल्गोरिदमही बघा, त्यांची अट व्यावसायिक वापराला आडवी येते.

भूजलवाला

फोर्ट्रान७७ सर, तुमचा प्रतिसाद वाचला आणि तसाच उठून सगळ्या फाईलींवर ग्रेप (शब्दशोध) मारला. नावाने चार फाईली सापडल्या. मग टायनी शोधलं तर अजून तीन. एकीवर तर माझ्या गाईडचंच नाव आहे. मेशिंग ट्रँगलच आहे, आणि मेटिस ४, तेही आत कॉपी करून ठेवलेलं, लायसन्सची फाईल कोणीतरी उडवलेली.

स्प्रेडशीट सुरू केली. आत्तापर्यंत १९ माणसं निघाली. मला वाटत होतं सहा-सात असतील.

रेषा

१९ म्हणजे ठीक आहे हो, घाबरू नका.

एक महत्त्वाची गोष्ट कोणी सांगितली नाही म्हणून आधी ती. आत्ताच्या फाईली साफ केल्या आणि अख्खी गिट रिपॉझिटरी (कोडचा, जुन्या बदलांसकटचा साठा) पब्लिक केली, तर जुन्या कमिटमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदींमध्ये, ते सगळं उसनं सामान जसंच्या तसं बाहेर जातं. म्हणजे तुम्ही ते वाटलंच. तेव्हा एकतर इतिहास गाळून काढा, नाहीतर साफ केलेल्या अवस्थेपासून नवी रिपॉझिटरी सुरू करा आणि जुनी आत जपून ठेवा. मी दुसरा मार्ग घेतला. त्यात लोकांची कमिटमधली नावं जातात हे मात्र मनाला लागतं, म्हणून ऑथर्सची एक फाईल करा आणि कोणी काय लिहिलं ते त्यात नीट, वर्षासकट मांडा. ज्यांनी लायसन्सला हो म्हटलं त्यांना निदान एवढं तरी मिळायला हवं.

आता लायसन्स. इथे लोक धर्मयुद्ध करतात, पण तुमचा कोड कोणाबरोबर जोडला जाणार आहे यावर बरंच ठरतं. कोणीतरी बदल करून पुढे वाटला तर त्याने बदलही खुले ठेवावेत असं वाटत असेल तर जीपीएल. लायब्ररीसारखा वापर व्हावा, बंद प्रोग्रामनेही जोडावा, पण तुमच्या भागातले बदल खुले राहावेत, तर एलजीपीएल. काहीच अट नको, फक्त नाव ठेवा, तर बीएसडी किंवा एमआयटी. पेटंटबद्दल स्पष्ट वाक्य हवं असेल तर अपाचे २.०, पण ते "फक्त जीपीएल २" असलेल्या कोडबरोबर चालत नाही, जीपीएल ३ बरोबर चालतं. तुम्ही मेटिस ५ घेणार असाल तर हे लक्षात ठेवा!

रेणूंच्या हालचालीचं सिम्युलेशन करणारं ग्रोमॅक्स आधी जीपीएलवर होतं, २०१३ मध्ये ४.६ आवृत्तीपासून एलजीपीएलवर गेलं. एफएफटीडब्ल्यू ही फूरिये रूपांतराची लायब्ररी जीपीएलवर आहे, पण ज्यांना बंद प्रॉडक्टमध्ये घालायचंय त्यांना एमआयटीकडून वेगळं लायसन्स विकत मिळतं, आणि मॅटलॅब ते वापरतं. म्हणजे कंपनी उचलून नेईल ही ज्यांना काळजी आहे त्यांच्यासाठी हा मार्ग उघडा आहे, फक्त त्यासाठी सगळे हक्क एका हातात लागतात. पायथनच्या बाजूला मात्र जवळजवळ सगळं बीएसडी धर्तीचं आहे. आलेख काढणारं मॅटप्लॉटलिब सुरू करणारे जॉन हंटर यांनी तर इतर प्रोजेक्टना समजावणारं टिपणच लिहिलं होतं की बीएसडी घ्या म्हणजे आपल्याला एकमेकांचा कोड घेता येईल. सायपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीला यूएमएफपॅक या मॅट्रिक्स सॉल्व्हरचं जोडकाम त्याच्या जीपीएलमुळे बाहेर वेगळ्या पॅकेजमध्ये न्यावं लागलं. तुमच्यावर पायथनचं आवरण आहे, लोक ते नमपाय-सायपायच्या शेजारी वापरणार, याचा विचार करा.

माझं मत विचाराल तर तुमच्यासाठी एलजीपीएल किंवा बीएसडी. आणि कृपा करून स्वतःचं लायसन्स लिहू नका. "वापरा पण पेपरमध्ये आमचा संदर्भ द्या" असं लायसन्समध्ये घालायचा मोह सगळ्यांना होतो. संदर्भ द्यावा ही शास्त्राची रीत आहे, ती साइटेशन फाईलमध्ये लिहा, झेनोडो या साठवणीच्या साइटवर प्रत्येक आवृत्तीला डीओआय, म्हणजे कायमचा ओळख-क्रमांक, घ्या. लायसन्समध्ये घातलंत की ते कशाबरोबरच जुळत नाही.

मॅन्युअल आणि नमुना डेटाचं वेगळं ठरवा. प्रथिनांची रचना सांगणाऱ्या अल्फाफोल्ड २ चा कोड २०२१ मध्ये अपाचेवर आला, पण त्याचे शिकलेले पॅरामीटर बिगर-व्यावसायिक अटीवर होते, ते जानेवारी २०२२ मध्ये सीसी बाय (नाव द्या आणि वापरा) केले. मधले महिने अनेकांना कळत नव्हतं नक्की काय वापरता येतं. एकाच फोल्डरमधल्या दोन गोष्टींची लायसन्सं वेगळी असली तर तसं तिथेच लिहा.

तिसरा_दशांश

शेष, पाण्याचं उदाहरण मला माहीत नव्हतं, वाचून विचार करत बसलो होतो. तरी एक सांगतो, कोड खुला केला की चुका आपोआप सापडतात असं कोणी समजू नये. मेंदूच्या एफएमआरआयसाठी वापरतात ते एएफएनआय खुलंच आहे, आणि त्यातल्या एका प्रोग्राममध्ये १५ वर्षं चूक होती, २०१५ मध्ये दुरुस्त झाली. इतकी वर्षं कोड सगळ्यांसमोर होता आणि कोणी नीट वाचला नाही. तेव्हा भूजलवाला, लायसन्सबरोबर टेस्टही टाका. ज्यांची उत्तरं हाताने काढता येतात असे प्रश्न, म्हणजे तुमच्या विषयात पंपिंगसाठी, म्हणजे उपशाने पाण्याची पातळी किती उतरते त्याचं, १९३५ चं थाईसचं सूत्र असेल ना, त्याच्याशी तुलना करणारी टेस्ट पहिल्या दिवसापासून हवी.

माझा विरोध थोडा मवाळ झालाय. फॉर्म नसेल तर वापरणारे मोजायचे कसे हा प्रश्न राहतोच पण डीओआयने काही अंशी सुटेल.

शेष

एएफएनआयचा मुद्दा एकदम मान्य. खुला असणं म्हणजे तपासता येणं, तपासलेलं असणं नव्हे. थाईसची टेस्ट जरूर टाका.

शांतडोह

मी संस्थेच्या लायसन्सिंग ऑफिसात काम करते, म्हणजे जिथे तुमच्या फाईली चार महिने पडतात तिथे. आमच्या बाजूने लिहिते.

आमच्याकडे पत्र येतं, "कृपया सॉफ्टवेअर ओपन सोर्स करण्यास परवानगी द्यावी." एवढंच. आम्हाला काही कळत नाही, कोणी लिहिलं, पैसा कुठून आला, कोणत्या कंपनीशी करार होता, पेटंट अर्ज केलाय का. मग आम्ही एकेक प्रश्न विचारतो, तुम्ही एकेक उत्तर देता, आणि महिने जातात. तुमची ती स्प्रेडशीट, उसन्या कोडची यादी आणि ते कशाने बदललं, ग्रँटच्या करारातलं सॉफ्टवेअरबद्दलचं कलम, आणि तुम्ही निवडलेल्या लायसन्सचं नाव, एवढं पहिल्याच पत्राला जोडा. आणि एक वाक्य जरूर लिहा की गेल्या इतक्या वर्षांत या कोडच्या लायसन्समधून उत्पन्न किती आलं. बहुतेक वेळा ते शून्य असतं आणि ते लिहिलेलं दिसलं की निर्णय घेणाऱ्याचा हात लवकर हलतो.

वरिष्ठांना उदाहरणं लागतात. लॅम्प्स या रेणू-सिम्युलेशनच्या प्रोग्रामचं द्या. १९९० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या दोन राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि तीन कंपन्या यांच्या करारातून ते जन्मलं, हवं असेल तर कागदावर करार करावा लागायचा. २००४ मध्ये सी प्लस प्लसमध्ये नव्याने लिहून जीपीएलवर आणलं, आणि आज जगभरातले गट त्यात स्वतःचे भाग लिहून पाठवतात. क्वांटम केमिस्ट्रीचं एनडब्ल्यूकेम २०१० मध्ये खुलं झालं.

मला मात्र मॅक्सिमाची गोष्ट जास्त जवळची वाटते. मॅक्सिमा हा बीजगणित करणारा प्रोग्राम एमआयटीत तयार झालेल्या जुन्या मॅकसिमातून आला, आणि त्या मॅकसिमाची अमेरिकेच्या ऊर्जा खात्याकडे एक प्रत होती. विल्यम शेल्टर १९८२ पासून ती एकट्याने सांभाळत होते. १९९८ मध्ये त्यांनी खात्याकडून ती जीपीएलवर वाटायची लेखी परवानगी मिळवली. २००१ मध्ये ते गेले. ती परवानगी तीन वर्षं आधी मिळाली होती म्हणून दुसऱ्या लोकांना काम पुढे नेता आलं, आणि मॅक्सिमा आजही चालू आहे. तुमचे पहिल्या पिढीतले लोक रिटायर झालेत असं तुम्ही लिहिलंय. त्यांना आधी पत्र पाठवा, आमच्या ऑफिसचं नंतर बघा.

फोर्ट्रान७७

शांतडोह ताई, शेवटचं वाक्य अगदी खरं. आमच्यातले बरेच जण आता मेलही बघत नाहीत. फोन करा.

भूजलवाला (आठ महिन्यांनी)

मंडळी, धागा वर काढतोय. उशीर झाला पण काम बरंच पुढे गेलंय.

१९ चे शेवटी २३ झाले. त्यातल्या २१ जणांची लेखी परवानगी आली. शांतडोह ताई म्हणाल्या तसं सगळ्यात ज्येष्ठांपासून सुरुवात केली, फोनवर. ज्यांनी पहिली ओळ लिहिली त्यांना मी म्हटलं सर कोड बाहेर काढतोय, तर बराच वेळ बोलले नाहीत, मग विचारलं, "त्यातला तो असंपृक्त थराचा भाग अजून चालतो का रे?" चालतो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सही केलेला कागद स्कॅन होऊन आला.

एक सहकारी हयात नाहीत. त्यांचे हक्क वारसांकडे जातात हे मला माहीत नव्हतं, ऑफिसने सांगितलं. त्यांच्या मुलीला लिहिलं. तिने परवानगी दिली आणि एकच मागितलं, बाबांनी फाईलच्या वर लिहिलेल्या कॉमेंट तशाच ठेवा. त्या ठेवल्यात, खाली एसपीडीएक्सची, म्हणजे लायसन्स सांगणारी ठरावीक, ओळ जोडली, वरचं अक्षरही हलवलं नाही. मोठ्या अक्षरांत, पहिल्या कॉलममध्ये कॉमेंटची खूण म्हणून सी, आणि प्रत्येक समीकरणापुढे ते कुठल्या पानावर सोडवलंय त्याचा वहीतला नंबर. ती वही आता कोणाकडे नाही, पण नंबर राहू दे.

न्यूमरिकल रेसिपीजच्या एकूण नऊ फाईली निघाल्या, सगळ्या गेल्या. मॅट्रिक्स लापॅकवर नेल्यावर थाईसची टेस्ट सहाव्या दशांशापर्यंत जुळली. जुन्या सॉल्व्हरपेक्षा वेगही वाढला. मेटिस आता ५ आहे आणि बाहेरून जोडतो. ट्रँगल काढून टाकलं, आता आम्ही फक्त मेशची फाईल वाचतो, ती कशाने बनवायची ते वापरणाऱ्यावर, जीमेश हा मेश बनवणारा प्रोग्राम चालतो. लायसन्स बीएसडी, तीन कलमी. एलजीपीएलकडे माझा कल होता, पण पायथनवाल्यांचं म्हणणं पटलं आणि ज्येष्ठांपैकी कोणालाच बदल परत यावेत म्हणून अट घालायची नव्हती. नवी रिपॉझिटरी, ऑथर्सची फाईल २३ नावांची, कारण ज्या दोघांचा कोड आत नाही त्यांनीही या प्रोग्रामला बरंच दिलंय. पुढे येणाऱ्या प्रत्येक पॅचला साइन-ऑफ, म्हणजे हा कोड द्यायचा हक्क मला आहे अशी ग्वाही, मागतोय म्हणजे पुढच्या माणसाला ही शोधाशोध करायला लागू नये.

ऑफिसकडून परवानगी पाच आठवड्यांत आली. मागच्या वेळी एका पेपरसाठी चार महिने लागले होते.

ज्या मुलीमुळे हे सगळं सुरू झालं तिला कळवलं. तिचं काम आता दुसऱ्या पॅकेजमध्ये रुजलंय, ती परत येणार नाही, आणि तसं तिने मोकळेपणाने लिहिलं. भेगांचं तिचं तिथलं रूटीन बीएसडीवरच आहे, तेव्हा आम्ही ते तिच्या नावासकट इकडे घेऊ शकतो, हे मात्र तिनेच सुचवलं.

आता अडलंय ते एका जागी. उरलेल्या दोघांपैकी एकाचा पत्ता लागला नाही, त्याचा भाग छोटा होता, तो मी काढला. दुसऱ्याने नको म्हटलं, त्याच्या सध्याच्या नोकरीत ते अडचणीचं आहे, मी आग्रह केला नाही. पण घनता बदलणाऱ्या प्रवाहाचं, म्हणजे खारं पाणी गोड्या पाण्यात शिरतं त्याचं, सगळं मॉड्यूल त्याचं होतं. रीडमीमध्ये तसं लिहिलंय. ग्रुपमधल्या एका विद्यार्थिनीने, जिने जुनी फाईल कधी उघडली नाही, छापील समीकरणांवरून ते नव्याने लिहायला घेतलंय. अशा कोडसाठीच्या दोन ठरलेल्या चाचण्यांपैकी हेन्री प्रॉब्लेम जुळला. दुसऱ्या, एल्डर प्रॉब्लेममध्ये मात्र मेश बारीक केला की खाली उतरणाऱ्या खाऱ्या बोटांची संख्या बदलते. हे त्या प्रॉब्लेमचंच लक्षण आहे हे आम्हाला माहीत आहे, पण आमच्यात कुठे चूक नाही ना हे ठरवायला दुसऱ्या कोडचे आकडे लागतील. इथे कोणाकडे घनता-अवलंबी प्रवाहाचा चालता कोड असेल तर तीन वेगवेगळ्या मेशवर एल्डर चालवून शेवटच्या वेळचं क्षारांचं वितरण पाठवाल का? इनपुट फाईली रिपॉझिटरीत टेस्टच्या फोल्डरमध्ये आहेत.

तिसरा_दशांश

माझ्याकडे आहे. फॉर्म न भरता उतरवून घेतला आत्ताच. शनिवारपर्यंत तिन्ही मेशचे आकडे इथेच टाकतो.